घरच्या गणपतीचे फोटो मोबाइलवर काढताना

भाद्रपदात दीड दिवसापासून दहा दिवसांपर्यंत घराघरांत जे फोटो निघतात, त्यांतल्या बहुतेकांत तेच ते दोष दिसतात. मूर्तीचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो, मखराचे खांब आत झुकलेले असतात, जास्वंदीच्या जागी नुसता लाल डाग दिसतो आणि आरतीतली माणसे हललेली असतात. याचे खापर फोनच्या किमतीवर फोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण गेल्या पाच-सहा वर्षांतल्या कोणत्याही बऱ्यापैकी फोनवर हे फोटो नीट काढता येतात. फोनचा कॅमेरा समोरचा उजेड मोजून स्वतःच एक अंदाज बांधतो, आणि गणपतीच्या आराशीत तो अंदाज चुकवणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच जागी जमलेल्या असतात: अंधारी खोली, डोळ्यांत घुसणारी दिव्यांची माळ, चकचकीत रंगाची मूर्ती, हलती ज्योत आणि दाटीवाटीने उभी असलेली माणसे. कॅमेरा कुठे फसतो हे एकदा कळले की दुरुस्ती बहुधा एका बोटाने होते.

आरास मांडतानाच

फोटोचा निम्म्याहून अधिक निकाल आरास मांडतानाच लागतो, कारण प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नसते. म्हणून आदल्या रात्री मखर उभे राहिले की चौरंगावर मूर्तीच्या जागी तांब्यावर नारळ ठेवून दोन-चार फोटो काढून पाहावेत. सावली कोणत्या बाजूला पडते, मागची माळ किती डोळ्यांवर येते, चौरंगावरच्या कापडाची चमक किती आहे, हे सगळे नारळावर कळते आणि दिवे हलवायला हातात वेळ उरतो.

खोलीला खिडकी असेल तर मखर तिच्या समोरही नको आणि तिला पाठ करूनही नको. खिडकी एका बाजूला यावी. भाद्रपदातले ढगाळ आभाळ फोटोच्या दृष्टीने मोठीच सोय आहे, कारण ढगांतून गाळून आलेल्या उजेडाच्या सावल्या मऊ असतात. असा उजेड बाजूने आला की सोंडेचा वळसा, पोटाची गोलाई आणि मुकुटावरची कोरीव रेघ उठून दिसते. समोरून सपाट उजेड पडला तर तीच मूर्ती चित्रात छापल्यासारखी दिसते. खिडकीच्या विरुद्ध बाजू फारच काळवंडत असेल तर तिथे पांढरा कार्डशीट किंवा धुतलेली पांढरी चादर उभी धरावी. परावर्तित उजेडाने ती बाजू पुरेशी उजळते आणि फ्लॅशची गरज उरत नाही.

फ्लॅश बंदच ठेवावा, हे इथे एकदाच सांगून टाकतो. फोनचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे त्याचा उजेड सरळ समोर जातो, चकचकीत रंगाच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटवतो आणि मूर्तीच्या मागे पडद्यावर काळी कडक सावली टाकतो. शाडूच्या, कमी चमकणाऱ्या मूर्तीवर ठिपका कमी दिसतो एवढेच. सावली मात्र तिथेही पडतेच.

दिव्यांच्या रंगाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते घरच्या फोटोंचा सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. समईच्या ज्योतीचा उजेड सुमारे 1900 केल्विनचा, म्हणजे केशरी असतो. पिवळ्या एलईडी बल्बचा 2700 ते 3000 केल्विनचा आणि पांढऱ्याशुभ्र ट्यूबचा 6500 केल्विनपर्यंतचा. आपले डोळे हे फरक सहज जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोसाठी एकच हिशेब धरावा लागतो, त्यामुळे एका बाजूने ट्यूब आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असला की मूर्तीचा अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा दिसतो. यावर उपाय एकच: मूर्तीवर पडणारे सगळे दिवे एका जातीचे ठेवावेत. पिवळसर बल्ब चांगले, कारण समई आणि निरांजनाशी ते जुळतात. खोलीतली पांढरी ट्यूब फोटोपुरती बंद करावी. निळी-जांभळी माळ लावायचीच असेल तर ती मखराच्या बाहेरच्या कडेला असावी; मूर्तीच्या चेहऱ्यावर तिचा उजेड पडला की त्या भागातले बारकावे फोटोत वितळून जातात आणि ते नंतर कोणत्याही अ‍ॅपमध्ये परत आणता येत नाहीत. लुकलुकणाऱ्या माळेला स्थिर लावण्याचे बटण असते, ते फोटोच्या वेळी दाबावे.

मागच्या पडद्याचा रंगही कॅमेऱ्याला फसवतो. समोर काहीही असो, एकूण दृश्य मध्यम उजेडाचे दिसावे असा कॅमेऱ्याचा प्रयत्न असतो. पांढऱ्या कापडासमोरची मूर्ती त्यामुळे काळपट येते, आणि गर्द निळ्या किंवा काळ्या मखमलीसमोरची मूर्ती पांढरी फटफटीत. दुसरा दोष जास्त वाईट, कारण काळपट फोटो नंतर उजळता येतो, पण पांढऱ्या पडलेल्या भागात परत आणण्यासारखे काही उरलेलेच नसते. गर्द हिरवा, तपकिरी किंवा मळकट केशरी पडदा या दृष्टीने सोयीचा. चंदेरी-सोनेरी चमकीचा कागद शक्यतो टाळावा.

मूर्तीचा फोटो

सर्वांत आधी भिंग पुसावे. दिवसभर खिशात, ओट्यावर आणि तेलकट हातांत फिरलेल्या फोनच्या भिंगावर बोटांचा ठसा हमखास असतो, आणि सणाच्या घरात त्यात तुपाची, तेलाची भर पडते. अशा भिंगातून काढलेल्या फोटोत प्रत्येक ज्योतीभोवती धुरकट वलय आणि लांब तिरप्या रेघा दिसतात. त्याला लोक कधीकधी कौतुकाने तेजोवलय म्हणतात, पण ते तूप असते. चष्म्याचे फडके किंवा स्वच्छ मऊ सुती कापड पुरते.

मग खाली बसावे. चौरंगावरची मूर्ती उभ्या माणसाच्या कमरेइतक्या किंवा त्याहून कमी उंचीवर असते, आणि आपण उभे राहून फोन खाली झुकवतो. त्यामुळे मुकुट मोठा, पाय लहान आणि मखराचे खांब खालच्या बाजूला एकमेकांकडे ओढलेले दिसतात. कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि फोन भिंतीला समांतर, सरळ उभा धरावा. सेटिंगमध्ये ग्रिड चालू केली तर पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा दिसतात. मखराचा खांब त्यातल्या उभ्या रेषेशी ताडून पाहिला की तिरकेपणा लगेच लक्षात येतो. मूर्ती फारच लहान आणि पाटावर ठेवलेली असेल तर फोन उलटा धरावा, म्हणजे भिंगाची बाजू जमिनीकडे जाते आणि मांडी घालून बसल्या जागी कॅमेरा हवा तितका खाली नेता येतो.

जवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह आवरावा. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो, आणि एका हातावरून अशा भिंगाने काढलेल्या मूर्तीची सोंड व पोट पुढे आलेले आणि कान मागे गेलेले दिसतात. मूर्तिकाराने प्रमाणे एवढ्या निगुतीने साधलेली असतात, ती आपण क्षणात बिघडवतो. चार-पाच फूट मागे सरावे आणि पडद्यावरच्या 2 या आकड्यावर बोट ठेवावे. कित्येक फोनांत त्यासाठी वेगळे भिंग असते, आणि 48 किंवा 50 मेगापिक्सेलच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरचा, म्हणजे भिंगामागे उजेड टिपणाऱ्या चिपचा, मधला भाग वापरला जातो. दोन्ही प्रकारांत फोटो स्वच्छ येतो. त्यापुढे दोन बोटांनी ताणत गेले की फोन बहुतेक वेळा असलेलेच चित्र फुगवून दाखवतो. उलट, खोली लहान म्हणून 0.5 चे अतिरुंद भिंग वापरले तर मखराचे खांब कडेला फाकतात, आणि ते भिंग अंधारात कमी उजेड घेत असल्यामुळे फोटोवर दाणेही येतात. माटोळीचा फोटो हा याला अपवाद. गोव्यात गणपतीच्या वर टांगलेली फळे, रानफुले आणि भाज्या एका चौकटीत मावण्यासाठी ते भिंग कामाला येते. मात्र तेव्हा बरोबर मधोमध बसून फोन सरळ धरावा.

आता ते बोटाचे काम. पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्याला स्पर्श केला की कॅमेरा तिथला उजेड मोजतो आणि तिथेच फोकस करतो. बोट तसेच दाबून धरले तर बहुतेक फोनांत हे मोजमाप कुलूपबंद होते आणि शेजारी सूर्याचे किंवा बल्बचे लहान चिन्ह येते. ते चिन्ह हळूच खाली ओढावे आणि कपाळावरचा गंध, डोळ्यांची रेघ व मुकुटावरचा सोनेरी रंग वेगवेगळे दिसू लागेपर्यंत फोटो काळसर करावा. पडद्यावर तो किंचित अंधारा वाटेल, हरकत नाही. लाल जास्वंद, केशरी झेंडू आणि पिवळे पितांबर यांच्यासाठीही हाच उपाय आहे, कारण गडद लाल रंगात कॅमेऱ्याची क्षमता सर्वांत आधी संपते आणि पाकळ्यांच्या शिरा एकमेकींत मिसळतात. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, असा थोडा उतरवला की पाकळी पाकळीसारखी दिसते.

फोटो आपोआप खुलवणारी जी सोय फोनमध्ये असते, ती गणपतीच्या दिवसांत बंद ठेवावी असे माझे मत आहे. ती लाल रंग भडक करते, शाडूचा पोत गुळगुळीत करते आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून टाकते. पोर्ट्रेट मोडबद्दलही सावध राहावे. मागचा भाग धूसर करताना कड कुठे आहे हे फोन गणिताने ठरवतो, आणि दूर्वांची टोके, केवड्याचे पान, मुकुटावरचा तुरा अशा बारीक कडांवर ते गणित चुकून अर्धी दूर्वा नाहीशी होते. मूर्ती आणि पडदा यांच्यात प्रत्यक्षातच फूट-दीड फूट अंतर ठेवले तर दोन्ही आपसूक वेगळी दिसतात.

पूजेनंतर मूर्तीवर इतकी फुले आणि दूर्वा येतात की चेहरा झाकला जातो. फोटोसाठी त्यांना हात लावण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना विचारावे. काही घरांत सोवळ्यातल्या नैवेद्याचा फोटो चालत नाही, तेही आधी विचारलेले बरे. मोदकांचा फोटो चालत असेल तर तो वरून न काढता खिडकीकडे तोंड करून, ताटाच्या पातळीपासून थोड्या उंचीवरून काढावा. मागून आलेल्या उजेडात पारीच्या कळ्या आणि निघणारी वाफ दोन्ही दिसतात. धूप आणि कापूर यांचा धूरही असाच मागून उजेड आणि पाठीमागे गर्द पडदा असेल तेव्हाच फोटोत उतरतो.

गौरींच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे की जरीकाठ, मोत्यांचे दागिने आणि मुखवटे ही तिन्ही चमकणारी असतात, म्हणून वरचा छताचा दिवा बंद करून बाजूच्या उजेडावर काम भागवावे. दोन्ही गौरींचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर पुढची थोरली आणि मागची धाकटी दिसू लागते.

आरती

आरतीचा फोटो सर्वांत अवघड, आणि नीट आला तर सर्वांत जिवंत. इथे खोलीतला बराच उजेड ओवाळणाऱ्याच्या हातातल्या तबकातून येतो, तो सतत हलतो, आणि ज्योत व मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा यांच्या उजेडात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळणे कठीण जाते. आरतीला सुरुवात होण्यापूर्वीच, निरांजन लावल्यावर, ओवाळणाऱ्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून मोजमाप कुलूपबंद करावे आणि सूर्याचे चिन्ह थोडे खाली न्यावे. ज्योतीचा गाभा पांढरा राहिला तरी चालेल, पण तिची केशरी कड दिसली पाहिजे. हे कुलूप लावले नाही तर तबक जवळ येताच फोटो काळा आणि दूर जाताच पांढरा होत राहतो. व्हिडिओत तर ही उघडझाप फारच खटकते.

नाइट मोड इथे वापरू नये. हा मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो, आणि तेवढ्या वेळात टाळ्या वाजवणारे हात, झांजा आणि मुले जागा बदलतात. नाइट मोड रात्री सगळे झोपल्यावर मंद समईत बसलेल्या मूर्तीसाठी राखून ठेवावा. तेव्हा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून आणि तीन सेकंदांचा टायमर लावून काढलेला फोटो अप्रतिम येतो. आरतीत मात्र खोलीतले पिवळे दिवे चालू ठेवून साध्या मोडमध्येच, एकापाठोपाठ बरेच फोटो काढावेत आणि नंतर निवडावेत.

फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर तो फोनचा बिघाड नसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात वाचल्या जातात. फोनमध्ये प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवण्याची सोय, असेल तर शटरचा वेग (फोटोसाठी उजेड घेण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाचे पूर्ण हेलकावे मिळतात आणि पट्टे जातात. आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही. तिथे वेगळे अ‍ॅप घ्यावे किंवा पट्टे पाडणारी ती एक माळ शोधून बंद करावी. ती शोधायला सोपी युक्ती आहे: कॅमेरा चालू ठेवून एकेक माळ बंद करीत जायचे आणि पट्टे कधी थांबतात ते पडद्यावर पाहायचे.

कोणत्या क्षणी फोटो काढायचा, हे तंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. आरतीच्या गजरात सगळेच हलत असतात, आणि शेवटच्या प्रार्थनेत तर माणसे स्वतःभोवती फिरतात. त्यानंतर मंत्रपुष्पांजलीला मात्र घर एकदम स्थिर होते. हातात फुले आणि अक्षता घेऊन सगळे मूर्तीकडे पाहत उभे असतात, लहान मुलेसुद्धा थोडी गप्प असतात, आणि निरांजन खाली ठेवलेले असल्यामुळे उजेडही हलत नाही. मखराच्या बाजूला, मूर्तीच्या किंचित मागे जागा करून घेऊन माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर हीच वेळ. गणपतीचे फोटो सगळेच काढतात. गणपतीकडे पाहणाऱ्या माणसांचे फोटो पुढच्या पिढीला जास्त हवे असतात.

घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना माणसांना मखराच्या पुढे रांगेत उभे करण्याची चूक होते. त्यात मूर्ती झाकली जाते आणि उजेड पाठीमागून आल्यामुळे चेहरे काळे पडतात. त्यापेक्षा वडीलधाऱ्यांना मखराच्या दोन्ही बाजूंना, मूर्तीच्याच अंतरावर खुर्चीवर बसवावे, मुलांना खाली बसवावे आणि बाकीच्यांनी मागे किंवा कडेला उभे राहावे. चौकटीच्या अगदी कडेला कोणी नको, तिथला चेहरा रुंद भिंगात ताणला जातो. फोटो काढणाराही फोटोत हवा असेल तर फोन समोरच्या कपाटावर टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावावा. उभ्याने सेल्फी काढण्यापेक्षा हे फार बरे.

विसर्जन

विसर्जनाला पाऊस आणि पाणी यांची तयारी हवी. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरले की भिंगावर बाष्प धरते. पुसत बसण्यापेक्षा फोन पाच-सात मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावा. फोनला आयपी 68 असे धूळ-पाण्यापासून बचावाचे मानांकन असले तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते. चौपाटीवर फोन पारदर्शक पिशवीत ठेवावा, खारे पाणी उडालेच तर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा, आणि चार्जिंगची खाच पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये.

सूर्यास्तानंतरची साधारण वीस मिनिटे सर्वांत उपयोगाची. आभाळात अजून निळा उजेड असतो, दिवे लागलेले असतात आणि दोन्ही जवळपास सारख्या तेजाचे असतात, त्यामुळे मूर्ती, गर्दी आणि पाणी एकाच फोटोत दिसते. पूर्ण काळोख झाला की हीच चौकट अवघड होते. मग झगमगत्या दिव्यासमोर मूर्तीची बाह्याकृती घेणे एवढेच हाती राहते. गुलालाच्या गर्दीत भिंग पुन्हा पुन्हा पाहावे, आणि पुसण्याआधी फुंकर मारून कण उडवावेत, कारण कण तसेच घासले तर काचेवर ओरखडे पडतात.

घरी आल्यावर

फोटोवर नंतर करायचे काम थोडेच असावे: तिरपा असेल तर सरळ करणे, कडेचा पसारा कापणे, सावलीतला भाग थोडा उजळणे. रंग वाढवण्याच्या पट्टीला हात न लावलेलाच बरा. पुण्याहून किंवा रत्नागिरीहून लंडन-न्यू जर्सीच्या नातेवाइकांना फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमीच्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीत, आणि एचडी निवडले तरी, फोटो दाबून लहान केला जातो. फोटो छापून घ्यायचा असेल तर 4 बाय 6 इंचांसाठी 1200 बाय 1800 बिंदू पुरतात, आणि फोनच्या नेहमीच्या 12 मेगापिक्सेलच्या फोटोतून 10 बाय 13 इंचांची स्वच्छ प्रत निघते. मात्र ती काढण्यासाठी दुकानदाराला मूळ फोटो द्यावा. कुटुंबाच्या ग्रुपवरून उतरवून घेतलेला देऊ नये.